अण्णांची अकराशे मराठी पुस्तकं, बडोद्यात. कुणाला द्यावी?

जुनी वही

मंडळी, दांडिया बाजारातलं आमचं घर बिल्डरकडे जातंय. दोन महिन्यांत रिकामं करून द्यायचं आहे. भांडीकुंडी, पलंग, शिसवी आरसा, सगळ्याची वाटणी झाली आणि त्यात कुणाचं कुणाशी बिनसलं नाही. राहिली ती पुस्तकं. तीन कपाटं आणि एक पत्र्याची ट्रंक. मागच्या आठवड्यात मोजली, ११३७ भरली. दिवाळी अंक धरले नाहीत, ते वेगळे.

अण्णा रेल्वेत होते, प्रतापनगरला. पगारातून दर महिन्याला एक पुस्तक यायचंच, आई कितीही बोलली तरी. मी वाघोडिया रोडला दोन खोल्यांत राहते, भाऊ सुरतेला फ्लॅटमध्ये. "दोनशे तू ठेव, दोनशे मी ठेवतो" असं म्हणून झालं. प्रत्यक्षात त्याने अकरा नेली.

नमुन्याला दोन पिशव्या घेऊन एका ग्रंथालयात गेले. नाव घेत नाही, माणसं वागायला चांगली होती. टेबलामागच्या बेननी वरचं पुस्तक उघडलं, वास घेतला, मिटलं. "मराठी छे? हवे कोण वांचे छे, बेन?" म्हणजे, मराठी आहे? आता कोण वाचतं? दुसऱ्या ठिकाणी विचारलं, यादी आहे का? नव्हती. तिथून परत येताना रद्दीवाला भेटला, त्याने मात्र लगेच काटा काढला.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. एकगठ्ठा घेणारं कुणी आहे का?

रावपुरा

वाचून पोटात कालवलं. ज्या गावात मराठी साहित्य संमेलन चारदा भरलं, १९०९, १९२१, १९३४ आणि मग एकदम २०१८, त्या गावात मराठी पुस्तकाला आता रद्दीचा काटा. मधली चौऱ्याऐंशी वर्षं काय केलं आपण? संमेलनाला फेटे बांधून मिरवलो, घरी मुलं मात्र "आई, हा शब्द हिंदीत सांग ना" म्हणतात. बेनला दोष देऊ नका. तिने खरं तेच विचारलं.

माझ्याकडेही वडिलांची शे-सव्वाशे आहेत, माळ्यावर. बघवत नाही म्हणून माळ्यावर.

पुणेरी पाहुणा

सोपं आहे. टेम्पो करा आणि पुण्याला पाठवा. इथे वाचक आहेत.

जुनी वही

पुणेरी पाहुणा, फोन केले होते. पुण्यातल्या दोन ग्रंथालयांनी आधी यादी मागितली. तिसऱ्यांनी विचारलं, यातलं आमच्याकडे नसलेलं काय आहे? तेही बरोबरच. अण्णांनी जे घेतलं तेच त्या काळात सगळ्या मराठी घरांनी घेतलं. पुण्यात त्याच्या दहा-दहा प्रती पडून असणार. वर टेम्पोचं भाडं ऐकून भाऊ म्हणाला, एवढ्यात नवी पुस्तकं येतील.

घोडावज

एका तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली, बडोद्यापासून फार लांब नाही. त्या बेनच्या खुर्चीत बसून मीही लोकांना पिशव्यांसकट परत पाठवलं आहे, तेव्हा तिची बाजू सांगतो.

फुकट आलेलं पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. ते दाखल रजिस्टरमध्ये चढवायचं, नंबर द्यायचा, शिक्के मारायचे (पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आमच्याकडे आणखी एका ठरलेल्या पानावर, म्हणजे कुणी पहिलं-शेवटचं फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं), विषय ठरवायचा, पाठीवर चिठ्ठी, आत खिसा, शिवाय आता कॉम्प्युटरवर नोंद. एकदा रजिस्टरवर चढलं की ती मालमत्ता झाली. फाटो, कसर लागो, वीस वर्षांत कुणी हात न लावो, तुम्हाला ते टाकता येत नाही. त्याला यादी, समिती, ठराव, मंजुरी. तोवर दर पडताळणीला ते काढायचं, नंबर ताडायचा, पुसून परत ठेवायचं. म्हणून जाणता ग्रंथपाल दारातच नाही म्हणतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या जिन्याखाली गठ्ठे साठतात, आणि देणाऱ्याला वाटतं की बाबांची पुस्तकं ग्रंथालयात आहेत.

मराठीची अडचण आणखी निराळी. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायला आमच्याकडे ड्युईची दशांश पद्धत. तिच्यात मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७. भिंतीला भिंत लागून घरं. पण माझ्या हाताखाली आलेल्या मुलाला देवनागरी वाचता यायची, मराठी कळायचं नाही. पुठ्ठ्यावरचं चित्र बघून तो विषय ठरवायचा. घोड्यावर बसलेला माणूस असलेलं एक कवितांचं पुस्तक इतिहासात गेलं, ते मी निवृत्त होईपर्यंत इतिहासातच होतं. मीच हलवलं नाही. तिथे निदान लोक ते हातात तरी घ्यायचे.

आणि जागा. सकाळी दार उघडलं की पेपर वाचणारे आजोबा, त्यांच्यामागून तलाठी, पोलीस भरती आणि जीपीएससीची (गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) मुलं. ती आपली पुस्तकं घरून आणतात. त्यांना खुर्ची, पंखा आणि प्लग पाहिजे. चाळीस खुर्च्या असतील तर पस्तीस त्यांच्या. लोक म्हणतात, ग्रंथालयाची अभ्यासिका झाली. मी नावं ठेवणार नाही. घरी एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही, गावात शांत बसायला दुसरी जागा नाही. ही सेवाच आहे, फक्त देवघेवीच्या आकड्यात दिसत नाही.

आता कामाचं. यादी करा. नाव, लेखक, प्रकाशन वर्ष, बांधणीची हालत, बस्स. करताना १९५० च्या आधीची बाजूला काढा. कुठे "सयाजी साहित्यमाला" किंवा "बालज्ञानमाला" छापलेलं दिसलं तर फार जपून. संस्थानाच्या पैशाने निघालेली पुस्तकं आहेत ती. तशी निघाली तर आधी यादी घेऊन विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात किंवा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा, पिशवी घेऊन जाऊ नका. दिवाळी अंक एकेका मासिकाचे सलग किती आहेत ते लिहा. सुट्या अंकाला कुणी विचारत नाही, सलग वीस वर्षांना विचारतात. पानं तुटून पडत असतील ती रद्दीत. हो, रद्दीत. त्यात पाप नाही.

फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. आज चिकटते, दहा वर्षांनी पिवळा डाग ठेवून सुटते. पातळ टिश्यू कागद आणि घरची खळ पुरे.

सेवउसळ

स्कॅन करून टाका ना सगळं. मी आणि दोन मित्र मिळून शनिवार-रविवार येऊ शकतो. अकराशे म्हणजे फार नाही.

घोडावज

येण्याची तयारी दाखवलीत, बरं वाटलं. पण लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा असतो. अण्णांच्या कपाटातली बहुतेक पुस्तकं त्या मुदतीच्या आत येणार. जुनी, हक्क सुटलेली सापडली तर त्यांच्यासाठी जरूर या. आणि अकराशे पुस्तकं म्हणजे दोन-अडीच लाख पानं होतात, भाऊ.

सेवउसळ

अडीच लाख. बरं. यादीत मदत करतो.

रावपुरा

अवांतर: ज्या गावात भारतातलं पहिलं मोफत सार्वजनिक ग्रंथालय निघालं तिथे ही गत. सयाजीराव महाराजांनी १९१० ला अमेरिकेहून माणूस आणला होता, कशासाठी?

तळटीप

रावपुरा, "पहिलं" हा शब्द तेवढा सोडा. मद्रासचं कोनेमारा ग्रंथालय १८९६ लाच उघडलं होतं. "पहिलं, पहिलं" करण्यात खरी गोष्ट बाजूला पडते. बडोद्याने जाळं विणलं, आणि इमारतीपेक्षा ते अवघड.

१८९३ ला अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू झालं, १९०६ ला संस्थानभर. मग ध्यानात आलं की शाळा सोडून शेतावर गेलेला मुलगा थोड्या वर्षांत अक्षरं विसरतो, कारण गावात वाचायला छापील असं काही नसतंच. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून ग्रंथालयं. आधी शाळा आणि तिच्या पोटातून वाचनालय.

त्याच सुमाराला पेटलादकडे मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक मित्रमंडळ पुस्तकालयं काढत होते, वरून कुणी सांगितलेलं नसताना. आपण पुतळा महाराजांचा बघतो आणि मोतीभाईंना विसरतो. मराठी माणसं तर हमखास, कारण ते गुजराती.

मग १९१० ला विल्यम बोर्डन आले, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावच्या एका संस्थेचे ग्रंथपाल. राहिले तीनच वर्षं, १९१३ ला परत. तेवढ्यात महाराजांचा खासगी संग्रह धरून सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, १९११ ला ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला आणि एक नवी वर्गीकरणाची पद्धतही बसवली गेली. तिच्यात अक्षरं कटर या अमेरिकन ग्रंथपालाच्या पद्धतीची, आकडे ड्युईचे. १९१२ पासून "लायब्ररी मिसेलनी" हे त्रैमासिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. त्या काळी ग्रंथालयांवर मराठीत मजकूर छापला जात होता, तो इथे बडोद्यात. बोर्डननंतर काम सांभाळलं जनार्दन सखाराम कुडाळकरांनी. १९१९ ला त्यांनी या सगळ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त.

आता पैशाचं गणित, कारण सगळं त्यातच आहे. एक तृतीयांश गावाने उभा करायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने, एक तृतीयांश सरकारने. गावाला सरकारी हिस्सा वर्षाला १०० रुपयांपर्यंत, कसब्याला, म्हणजे मोठ्या गावाला, ३००, प्रांताच्या मुख्य गावाला ७००. गावाने आपला हिस्सा काढला नाही तर सरकारचा एक पैसाही नाही. महाराज दाते होते खरे, पण हिशेबी दाते. १९३९ ला ते गेले तेव्हा संस्थानात हजाराच्या वर ग्रंथालयं होती.

आणि जिथे तेवढंही जमत नव्हतं तिथे पेट्या जायच्या. फिरतं पुस्तकालय. भक्कम लाकडी पेटी, कुलूप, आत वीस-तीस पुस्तकं. गावातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाच्या नावावर रवाना. रेल्वेचं भाडं जाताना-येताना सरकारचं, वाचणाऱ्याला काही नाही. नवसारी प्रांतातल्या खेड्यापासून अमरेलीपर्यंत.

संस्कृत पोथ्यांचा विभाग पुढे १९२७ ला वेगळा होऊन ओरिएंटल इन्स्टिट्यूट झाला, तो विषय स्वतंत्र धाग्याचा.

अर्धी भाकरी

तळटीप, छान लिहिलंत. सेंट्रलची माझी आठवण मात्र पायाखालची आहे. १९३१ च्या त्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची. लोखंडी घोड्यांच्या, म्हणजे पुस्तकांच्या मांडण्यांच्या, रांगांमधून चालताना खालच्या मजल्यावर कुणी हललं की धूसर सावली सरकायची. उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून ती काच, हे नंतर कळलं. मी आठ वर्षांची होते, मला वाटायचं आपण सुरसागर तलावावर चालतोय आणि खाली मासे आहेत. काकाचा हात सोडायचे नाही.

बायकांसाठी त्या जुन्या योजनेत काही होतं का? का गावातला "भरवशाचा माणूस" म्हणजे माणूसच?

तळटीप

होतं. सेंट्रलमध्ये स्त्रियांचा विभाग निराळा, मुलांचा निराळा. मुलांच्या खोलीत पुस्तकांबरोबर खेळही. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी दृश्य शिक्षणाची शाखा: जादूचे कंदील, स्लाइडा, पुढे सिनेमाचं यंत्र घेऊन गावोगाव. पण पेटी कुणाच्या नावावर जायची हे विचाराल तर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे.

सेवउसळ

माझा बावळट प्रश्न. माझी आजी मांजलपूरला, वय ८१, रोज दुपारी मराठी वाचते. घरातली बारा पुस्तकं तिची पाठ झाली आहेत, आता ती कॅलेंडरची मागची बाजू वाचते. मांडवीला न्यायचं तर गाडी कुठे लावायची यावरून भांडण, आणि दोन जिने चढणं तिला होत नाही. तिच्या सोसायटीत अशा पाचसहा आज्या आहेत, एक तर मूळची ग्वाल्हेरची. जुनी वही, कपाट कुणी घेवो न घेवो, तोपर्यंत मी आजीसाठी पाच-सहा नेली तर चालतील का? अक्षर मोठं हवं. आणि रडकं नको म्हणाली आहे.

घोडावज

पाच-सहा नको. पेटी न्या.

जुनी वही, हा मुलगा काय म्हणतोय ते नीट वाचा. तुम्ही अकराशे पुस्तकांना एक घर शोधताय. ते मिळणार नाही, मिळालं तर जिन्याखाली मिळेल. वाचणाऱ्या पाच-सहा बायका एका आवारात बसल्या आहेत आणि त्या पुस्तकांपर्यंत पोचू शकत नाहीत. तळटीपने लिहिलेल्या पेटीचं कामच ते होतं.

पत्र्याची ट्रंक आहे म्हणालात. ती नको, गंजते आणि उचलताना कंबर जाते. प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्या, वीस-पंचवीस पुस्तकं मावतील एवढाच. झाकणाच्या आतून यादी चिकटवा. प्रत्येक पुस्तकाला साधा नंबर, १ पासून. बरोबर एक शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. दोरी विसरू नका. एक माणूस, म्हणजे बाई, जबाबदार. तीन महिन्यांनी डबा परत, दुसरा जाईल.

पुणेरी पाहुणा

आणि हरवली तर? दंड? (हलके घ्या.)

घोडावज

हरवणारच. शंभरात पाच हरवली तर तो चांगला वाचक. शंभरात एकही हरवलं नाही तर समजायचं, कुणी नेलंच नाही.

जुनी वही

चार दिवस इथे आले नाही कारण ट्रंक उघडली. ती मी आतापर्यंत नुसती बाहेरून मोजणीत धरली होती.

तळाशी ओल होती. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात चढलं तेव्हा पुस्तकं नसतील भिजली, पण जोत्याला ओल धरली आणि आम्ही ट्रंक हलवली नाही. खालचा थर गेला. पंधराएक पुस्तकांची एकच वीट झाली आहे. घोडावज काका, तुम्ही म्हणालात पाप नाही, म्हणून टाकली. एक ठेवली, का ते सांगणार नाही.

त्या थराच्या वर, मेणकापडात गुंडाळलेली एक लांब वही निघाली. अण्णांचं अक्षर. पहिल्या पानावर नुसतं "देवघेव". अनुक्रमांक, पुस्तक, कोणी नेले, नेले ता., आले ता. सुरुवात १९६८, शेवट १९९१. वाड्यातले, गल्लीतले, ऑफिसातले. नावं पूर्ण नाहीत, "वरच्या काकू", "दूधवाल्याची सून", "प्रतापनगर स्टोअर", "कोपऱ्यावरचे वकील". दूधवाल्याच्या सुनेने तीन वर्षांत एकेचाळीस पुस्तकं नेली आहेत आणि प्रत्येक परत. मग तिचं नाव एकदम थांबतं. आईला आठवत होतं: ती माहेरी गेली ती आली नाही. अण्णांनी तिच्या शेवटच्या ओळीपुढे "आले ता." मध्ये काही लिहिलं नाही आणि रेघही मारली नाही.

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे लोक यायचे हे माहीत होतं, मला वाटायचं चहाला येतात.

परत न आलेली एकूण अठ्ठावीस. नंबर सगळ्यांवर आहेत, आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने. मी अकराशेंना नवीन नंबर देत बसणार होते.

अर्धी भाकरी

दूधवाल्याची सून वाचून खाली लिहिवेना. उद्या येते मदतीला. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. डबा भाखरीचा आणेन.

रावपुरा

अहो जुनी वही, "कोपऱ्यावरचे वकील" कुठल्या कोपऱ्यावरचे? आम्ही १९७९ पर्यंत दांडिया बाजारातच होतो, वडील वकील, आणि घर कोपऱ्यावर. विचारतोय आपला. मनात आता धाकधूक.

जुनी वही

रावपुरा, वह्या खोटं बोलत नाहीत. नंबर २१२, नेलं मार्च १९७४. आलं नाही.

रावपुरा

माळ्यावर चढतो.

तळटीप

वहीचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक पानाचे, दिवसाच्या उजेडात. १९६८ ते ९१ मध्ये बडोद्यातल्या एका मराठी गल्लीत कोण काय वाचत होतं याची नोंद आहे ही. विद्यापीठात अशा कागदावर कुणीतरी खूश होईल. मात्र फोटो इथे टाकू नका, "वरच्या काकू" अजून असतील.

आणि घोडावज, तुमचं नाव आज समजलं. वेखंडाला गुजरातीत घोडावज म्हणतात, पोथ्यांच्या कपड्यात ठेवतात ते. मी इतके दिवस घोडा शोधत होतो.

घोडावज

चला, कुणाला तरी कळलं.

रावपुरा

२१२ सापडलं नाही. दुसरंच एक निघालं, त्यावर शिक्का एका कसब्याच्या वाचनालयाचा, संस्थानाच्या काळातला वाटतो, आणि तो कसबा आता मेहसाणा जिल्ह्यात आहे. वडील तिकडे कशाला गेले होते देव जाणे. म्हणजे आमच्या घराण्याची सवय जुनी आहे. हे मी परत करणार. टपालाने की स्वतः जाऊन, घोडावज काका?

घोडावज

स्वतः जा. आणि ग्रंथपालाला आधी सांगा की देणगी नाही, परत करायला आणलंय. खुर्ची देतील. दाखल नंबर वाचता येत असेल तर तिथलं जुनं रजिस्टर काढायला सांगा. पाटीवरचं नाव बदललं असेल तर घाबरू नका. १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० ला गुजरात झालं, पाट्या दोनदा रंगल्या. रजिस्टर मात्र कुणी टाकत नाही. कारण टाकायला ठराव लागतो.

जुनी वही

हिशेब देते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ घातलात.

घर रिकामं झालं. सयाजी साहित्यमालेची सहा निघाली, यादी देऊन विचारून आले. चार त्यांच्याकडे होतीच, दोन घेतो म्हणाले. दिवाळी अंकांचे दोन सलग संच एका अभ्यासक बाईंनी नेले. साठेक पुस्तकं रद्दीत गेली. त्या दिवशी मी घरी थांबले नाही, भावाला उभं केलं. बाकीची अर्धी भाकरींच्या रिकाम्या गॅरेजमध्ये, विटांवर फळ्या टाकून, जमिनीपासून दीड फूट वर. वेखंडासकट.

पहिला डबा मांजलपूरला तीन महिन्यांपूर्वी गेला. चोवीस पुस्तकं. सेवउसळने यादी मोठ्या टायपात छापून झाकणाच्या आतून चिकटवली. जबाबदार बाई त्याची आजी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन नियम मला न विचारता केले: दुपारी दोन ते चार देवघेव बंद, कारण झोप, आणि पुस्तकाचा शेवट जिन्यात सांगितला तर एक आठवडा पुस्तक मिळणार नाही. दुसरा नियम ग्वाल्हेरच्या आजींसाठी होता असं कळलं.

काल डबा परत आला. वही भरत आली आहे, पेन गायब, दोरी आहे. चोवीसमधलं एक आलं नाही, १७ नंबर. पण डबा उघडून मोजली तर सव्वीस.

पुणेरी पाहुणा

हे गणित पुण्यात बसत नाही.

जुनी वही

तीन जास्तीची आहेत. एक मराठी पाकक्रियेचं, हळदीच्या डागांसकट. एक मुलांच्या गोष्टींचं. आणि एक गुजराती, कादंबरी आहे असं वाटतं. आत चिठ्ठी होती, गुजरातीत: "आम्हाला पण मराठी थोडं थोडं वाचता येतं, तुम्हीही हे वाचून बघा. ब ३०२."

घोडावज

नंबर दिलात का त्यांना?

जुनी वही

दिले. २५, २६, २७. अण्णांच्या वहीत नवीन पान काढून. गुजरातीवर पाठीला चिठ्ठी लावताना तुमचं आठवलं म्हणून ८९१.४७ पण घातलं. कादंबरीच आहे ना ते मात्र तुम्ही येऊन बघा. पुठ्ठ्यावर घोडा आहे.